हिरवा घट

विज्ञानाच्या मास्तरला घरातलं काही बिघडलं तर मिस्त्री बोलवायची लाज वाटते. मला तर बायको आजारी पडल्यावर नुसतं डॉक्टरांचं ऐकून गप्प बसायचीही लाज वाटली. एकतीस वर्षं मी कोपरगावच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. जगातली कुठलीही अडचण म्हणजे एक प्रयोग; साहित्य जमवा, कृती करा, निरीक्षण लिहा, उत्तर येतंच, अशी माझी पक्की समजूत. मी निवृत्त झालो, समजूत काही निवृत्त झाली नाही.

अंबिकाला, म्हणजे माझ्या बायकोला, मागच्या हिवाळ्यात ल्युपस निघाला. शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच घरावर चाल करून येते, असा हा आजार. सांधे धरतात, ताप येतो, गालांवर लाल चट्टे उठतात आणि वेळीच आवरला नाही तर मूत्रपिंडापर्यंत जातो. नगरचे डॉक्टर (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून जुन्या वळणावर आहे) तिला म्हणाले, "ताई, आजपासून उन्हाशी तुमचं वैर. अंगणात नाही, गच्चीवर नाही. ऊन लागलं की हा आजार भडकतो."

हे त्यांनी कुणाला सांगावं? जिचा अर्धा जन्म अंगणात गेला तिला. आमच्या घरापुढे तीन गुंठे मोकळी जागा आहे. तिथे अबोली, शेवंती, वांगी आणि सगळ्यात लाडकी म्हणजे सोनईची मिरची. सोनई तिचं माहेर. तिच्या आईने लग्नात दागिन्यांच्या डब्यात या मिरचीच्या बियांची पुडी घातली होती आणि अंबिका दरवर्षी न चुकता बी धरत आली. चौतीस वर्षं. आमच्या पोळ्यांचं पीठ बदललं, गॅस बदलला, मुलगी ईरा शिकून पुण्याला गेली. ठेच्याची मिरची तीच राहिली.

तर त्या उन्हाळ्यात अंगण माझ्या ताब्यात आलं आणि मी ते मारलं. सरळ सांगतो, मारलं. ती खिडकीच्या पडद्याआडून ओरडायची, "अहो, मुळाशी घाला! डोक्यावर काय ओतताय, अभिषेक आहे का?" मीही चिडायचो. भर दुपारी पाणी घालायचो, कधी दोन दिवस विसरायचो, मग चार दिवसांचं एकदम घालायचो. ज्येष्ठ संपेपर्यंत अंगणात काटक्या उरल्या. त्यानंतर ती खिडकीशी यायची बंद झाली. पडदा ओढून टीव्हीसमोर बसायची, आवाज बंद करून. मला म्हणाली, "एक पुडी बी राहिलंय. पुढच्या वर्षी ते रुजेल की नाही कोण जाणे. मिरचीचं बी जुनं झालं की दगा देतं." ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मला युक्ती सुचली. तिला उन्हात जाता येत नाही ना, मग बाग घरात आणू. झाडाला ऊन नको असतं, उजेड हवा असतो. तो ट्यूबलाईटचाही चालतो. आमच्या शाळेने नुकतेच सगळ्या वर्गांत एलईडी दिवे लावले होते आणि जुन्या चार फुटी ट्यूबा पट्टी-चोकसकट कोठीत पडून होत्या. शाळेतले शिपाई सहादेव यांनी आठ पट्ट्या रिक्षात घालून आणून दिल्या. "घ्या सर, निदान कुनाच्या तरी कामाला येतील," म्हणाले. ईराला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, झाडांसाठीचे एलईडी मिळतात ना ऑनलाईन. मी पाठवते." मी म्हटलं, "घरात फुकटाचं असताना विकत कशाला? प्रकाश तो प्रकाश." हे वाक्य मी फार तोऱ्यात म्हटलं होतं.

ईराची खोली रिकामीच होती. तिचं पुस्तकांचं लोखंडी रॅक मोकळं केलं, श्रीखंडाच्या डब्यांना खाली भोकं पाडून चौदा कुंड्या केल्या, माती-शेणखत-रेती चाळून भरली. पट्ट्या छताला ठोकल्या. बी रुजलं आणि मी पेढे वाटायचा बाकी होतो. पण रोपं बारीक, पांढरट, उंच होत गेली आणि दहाव्या दिवशी माना टाकायला लागली. अंबिका दारात उभी राहून म्हणाली, "ही रोपं नाहीत, शेवया आहेत." तिचं हे बोलणं ऐकून मला इतका आनंद झाला! किती दिवसांनी टोमणा मारला होता.

चूक सापडली. दिवा लांब होता. ट्यूबचा उजेड दुबळा. तो वीतभर लांब गेला की झाडाला पुरत नाही. मग मी पट्ट्या छतावरून काढून रॅकच्या कप्प्यांना साखळीने टांगल्या, म्हणजे झाड वाढेल तशी पट्टी वर घेता येईल. रोपाच्या शेंड्यापासून बरोबर चार बोटं वर. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मागे आणि कडेला लावला, उजेड वाया जायला नको. आणि पट्ट्यांना शाळेची प्लॅस्टिकची कव्हरं होती, इतक्या वर्षांत पिवळी पडलेली. ती निम्मा उजेड खात होती. मी ती एकेक करून काढली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. सकाळी सहा ते रात्री आठ दिवे चालू. उरलेलं सगळं बी पुन्हा पेरलं.

काय रोपं आली म्हणून सांगू. बुटकी, जाड देठाची, काळीशार हिरवी. श्रावण सरला तेव्हा त्यांना सहा-सहा, आठ-आठ पानं होती. अंबिका उठून बसली. खरंच, मी औषधांना श्रेय देत नाही. सकाळचा चहा झाला की ती ईराच्या खोलीत जायची. रॅकला लावून खुर्ची, डावी बाजू रॅककडे, उजवा हात कामाला मोकळा. शेंडे खुड, माती हलव, पानाखाली मावा आहे का बघ. चष्मा लावून अगदी ट्यूबजवळ तोंड नेऊन बघायची. पहिली पांढरी फुलं आली तेव्हा कापसाच्या काडीने या फुलाचे परागकण त्या फुलाला लावायची, कारण घरात मधमाशी येत नाही. मला हाका मारायची, ओरडायची, "कात्री कुठे ठेवली? जागेवर म्हणून एक वस्तू ठेवू नका तुम्ही!" मी कात्री शोधत फिरायचो आणि मनातून खूश असायचो.

भाद्रपदात चट्टे परत आले. आधी गालावर, मग गळ्याखाली, मग हातांवर. सांधे दुखू लागले, संध्याकाळी कणकण. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "उन्हात जातात का?" मी जवळजवळ भांडलोच, "डॉक्टर, तीन महिन्यांत तिने उंबरा ओलांडला नाही." त्यांनी गोळी वाढवली आणि नवरात्र झालं की आणून दाखवा म्हणाले.

तोवर मी स्वस्थ बसलो असतो तर तो मी कसला. मी प्रयोग सुरू केला. एक-एक कारण काढून बघायचं. वांगं बंद केलं, वातूळ म्हणून. साबण बदलला. कपडे धुवायची पावडर बदलली. शेंगदाणे बंद. घराचे सगळे पडदे दुहेरी केले. ईराच्या खोलीची खिडकी उत्तरेची, तिथून ऊन येतच नव्हतं, तरी काचेला आतून काळा कागद चिकटवला. आणि तिला म्हटलं, "तू आपली ईराच्या खोलीतच बसत जा. या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे ती." हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने. ती हसून म्हणाली, "मला तरी दुसरीकडे कुठे करमतंय?"

नवरात्रात आमच्याकडे घट असतो. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात सात धान्यं, मध्ये पाण्याचा कलश, रोज एक माळ. देवघर जमिनीलगत आहे आणि अंबिकाला आता खाली बसवत नव्हतं, म्हणून यंदा घट ईराच्या खोलीत मांडला, रॅकशेजारच्या टेबलावर. तिथे तिचा सगळा दिवस जायचाच. देवी आणि मिरच्या एका खोलीत, ती म्हणाली, मला दोघींकडे बघता येईल.

सातव्या माळेला शेजारच्या राहीबाई तरवडाची फुलं घेऊन आल्या. त्यांचं शेत गावाबाहेर आहे, घर आमच्या भिंतीला भिंत. वीस वर्षांचा घरोबा. फुलं ठेवायला त्या खोलीत गेल्या आणि घटासमोर थबकल्या.

"वहिनी, ह्यो घट असा हिरवागार कसा आला वो?"

"चांगला आलाय की," अंबिका म्हणाली. "वीतभर झालाय."

"आलाय चांगला, न्हाई म्हनत न्हाई मी. पन घट पिवळाधमक येतो. अंधारात वाढतो म्हनून पिवळा. आमच्या सासूबाई तर घटाच्या खोलीला वाकळ लावायच्या, तिरीपसुदीक येऊ द्यायच्या न्हाईत. हिरवा आला म्हंजी घरात ऊन शिरलंय."

मी दारात उभा होतो. मला असल्या गोष्टींचा राग येतो. म्हटलं, "राहीबाई, ऊन कुठून शिरणार? खिडकीला काळा कागद आहे. दुहेरी पडदे आहेत."

"मला काय ठावं, सर?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पर धान्याला खोटं बोलता येतंय व्हय? त्याला जे लागलं ते त्यानं दाखिवलं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अंबिकाकडे बघितलं. ती खुर्चीत बसली होती, डावी बाजू रॅककडे. डावा गाल उजव्यापेक्षा लाल होता. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत पेटलेला, उजव्यावर तुरळक चट्टे. महिनाभर मी हे रोज बघत होतो. रोज मलम लावत होतो, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, आणि मला, निरीक्षण लिहायला शिकवणाऱ्या माणसाला, ते दिसलं नव्हतं.

ट्यूबच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज वाहिली की तिच्यातून अतिनील किरण निघतात. ते काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर आदळतात आणि आपल्याला उजेड दिसतो. एकतीस वर्षं, दरवर्षी, फळ्यावर आकृती काढून मी हे सांगितलं. आणि उन्हातलं नेमकं काय अंबिकाला सोसत नाही, तर अतिनील किरण, हेही डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात होत्या. सगळेच्या सगळे किरण त्या भुकटीत अडत नाहीत, थोडे बाहेर येतात, हे कधी कुणा पोराने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. राहीबाई सातवीसुद्धा शिकलेल्या नाहीत.

मी पुढे होऊन बटण बंद केलं. खोली एकदम काळी झाली. घटाजवळचा नंदादीप तेवढा राहिला.

"अहो, काय करताय? आठ कुठे वाजलेत?" अंबिका म्हणाली.

राहीबाई आपलंच काहीतरी चुकलं असं समजून निघून गेल्या. मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, कव्हरं काढल्याचंही.

"म्हणजे इतके दिवस मला ऊनच लागत होतं?"

"हो. तसंच म्हणायचं."

"तरीच," ती म्हणाली, "तरीच मला इथे इतकं बरं वाटायचं."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पायावर डोकं ठेवून घेतल्या असत्या. तिने एकही दिली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "ट्यूबवर प्लॅस्टिकचं कव्हर होतं?"

"होतं."

"मग?"

"मी काढलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असतं तर बरंचसं अडलं असतं," म्हणाले, आणि लिहू लागले. लघवीत प्रथिनं जायला लागली होती. मूत्रपिंडाला झळ पोचली होती. गोळ्या वाढल्या, आणखी एक तपासणी कोपरगावातच करून तिचा रिपोर्ट कळवायचा ठरला. उठताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आता उन्हाचा एक कवडसासुद्धा नको. या अवस्थेत पुन्हा भडकला, तर मी काही वेगळंच बोलायला लागेन, डायलिसिस वगैरे. झाडांना एलईडी लावा हवं तर, लांबून."

घरी आल्या आल्या मी सगळ्या पट्ट्या काढल्या. साखळ्या तोडल्या. थर्माकोलचे तुकडे केले. ईराने लगेच एलईडी मागवले, पण सणाच्या गर्दीत ते यायला आठवडा लागणार होता. चौदा मिरच्या अंधाऱ्या खोलीत राहिल्या. तिसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडून गळाली, चौथ्या दिवशी फुलं गळाली. अंबिका बाहेरच्या खोलीत पलंगावर पडून असायची. वाढलेल्या गोळ्यांनी तिला गुंगी यायची. जाग आली की एकच विचारायची, "मिरच्या कशा आहेत?" मी म्हणायचो, बऱ्या आहेत. तिला माहीत होतं माझं बरं म्हणजे काय. म्हणाली, "बी आपण सगळं पेरलंय हो. पुडीत आता काही नाही."

पाचव्या दिवशी सकाळी मला पुन्हा एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांना मरण नाही. ऊन अंबिकाला वर्ज्य आहे, मिरच्यांना थोडंच आहे? अंगण रिकामं आहे, वर सूर्य आहे, फुकटचा. ती झोपली होती. मी चौदाही डबे अंगणात नेऊन ओळीने मांडले, मुळाशी पाणी घातलं, आठवणीने मुळाशीच, आणि रिपोर्ट आणायला बाहेर पडलो. लॅबमध्ये गर्दी होती. पाकीट मिळालं तेव्हा सव्वाबारा झाले होते. तिथेच उघडून बघितलं. प्रथिनं वाढली होती. मी पाकीट खिशात घातलं आणि घरी निघालो. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

फाटक उघडलं तर अंबिका अंगणात. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. दोन्ही हातांत श्रीखंडाचा डबा धरून दाराकडे चालली होती. बोटं वळत नव्हती म्हणून डबा पोटाशी दाबून धरला होता.

"अंबिका! आत हो! आधी आत हो!"

"ओरडू नका," ती वळूनही न बघता म्हणाली. "घरात वाढलेलं झाड असं एकदम उन्हात ठेवतं का कुणी? आधी चार दिवस सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवायचं. शेंबडं पोर सांगेल. बघा काय झालंय त्यांचं."

मी बघितलं. पानं पांढरी पडली होती. जिथे ऊन थेट लागलं तिथे कागदासारखे कोरडे, भाजलेले डाग. माना खाली. तीन तासांत.

"मी आणतो सगळी. तू आत जा. रिपोर्ट चांगला आलेला नाही गं, ऐक माझं."

"तुमच्या हातात नाही द्यायची मला आता ती."

हे तिने रागाने म्हटलं नाही. दुकानदार माल संपला म्हणून सांगतो तसं म्हटलं. मी तिथेच उभा राहिलो. तिला उचलून आत नेता आलं असतं. वजन ते किती राहिलंय तिचं. पण जिला मी एवढं सगळं करून ठेवलं तिला कुठल्या तोंडाने उचलायचं? पाच डबे आत गेले होते, नऊ बाहेर होते. एका वेळी एकच उचलता येत होता तिला. ओटा चढताना दर वेळी भिंत धरत होती.

सहावा डबा ठेवून ती परत बाहेर आली आणि म्हणाली, "नुसते बघत काय उभे राहिलात? छत्री आणा."

मला कधी कशाचा एवढा आनंद झाला नसेल. मी धावत आत गेलो, खुंटीवरची काळी छत्री काढली, धावत आलो आणि तिच्या डोक्यावर उघडून धरली.

तिने मान वर करून छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा गाल सुजायला लागला होता.

"माझ्यावर काय धरताय?" ती म्हणाली. "त्यांच्यावर धरा. मी आणेपर्यंत आणखी भाजतील ती."

आठ डबे राहिले होते. मी छत्री तिच्या आणि मिरच्यांच्या मधोमध धरली. ती कुणालाच पुरत नव्हती.